सोमवारची यादी

आमच्या घरात अमेरिकन फुटबॉल शिरला तो आईच्या शिलाई मशीनवरून. हे वाक्य मी चारचौघांत टाकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, खरं का? खरंच आहे. ॲमस्टरडॅमजवळच्या हार्लेममध्ये, आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी ते मशीन होतं. आईनं ते जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलं होतं. लोखंडी, हिरवट आणि इतकं जड, की ते आमच्या उभ्या डच जिन्यावरून वर चढवताना बाबा मराठीत आणि शेजारचे गृहस्थ डचमध्ये करवादत होते आणि दोघांना एकमेकांचं नेमकं कळत होतं. त्या मशीनचा खडखडाट, कुकरची शिट्टी आणि खालून जाणाऱ्या सायकलींच्या घंटा, माझ्या सोळाव्या वर्षाचे आवाज एवढेच. त्यात दर शनिवारी बाबांच्या सुस्काऱ्यांची भर पडे, कारण त्या वर्षी संघ हरत होता.

संघ ॲमस्टरडॅमचा होता. अमेरिकेतल्या मोठ्या संघांना जे खेळाडू पक्के करायचे नसत, पण सोडवतही नसत, त्यांना वसंतात दहा सामन्यांसाठी युरोपात धाडून देत. चांगले खेळले तर परत बोलावणं, नाही तर रामराम. आदल्या वर्षी हा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता, म्हणून त्या वर्षी ट्रामवर चित्रं लागली, शाळेत पोरांच्या डोक्यावर टोप्या दिसू लागल्या, आणि पहिल्या सामन्यात आमच्यांनी असा मार खाल्ला की मध्यंतरातच निम्मं मैदान बिअरच्या रांगेत उभं राहिलं. डच लोकांना तसेही त्या खेळाचे नियम कळत नव्हते. संगीत वाजलं की ते उठून नाचत, मग चेंडू कुणाच्याही हातात असो.

या सगळ्यात आई कशी, तर आमच्या गल्लीच्या टोकाला विम राहायचा. संघाचं सामान सांभाळायचं काम त्याचं. हेल्मेटं, बूट, खांद्यावरचे जाडजूड पॅड, जर्स्या. लांबट, फिकट भुवयांचा, मोजकं बोलणारा माणूस. आईच्या पासपोर्टात पहिली काही वर्षं शिक्का होता, काम करण्यास मनाई. बाबांच्या नोकरीवर आलेली बायको, म्हणून. इचलकरंजीत आजोबांच्या टेलरिंगच्या दुकानात ती परकर-पोलक्याच्या वयापासून मशीनवर बसत होती, आणि इथं तिला दिवसभर खिडकीतून कालवा बघायचा होता. तो शिक्का निघाला त्याच आठवड्यात तिनं सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, माझ्याकडून डचमध्ये लिहून घेऊन. कपडे शिवून, दुरुस्त करून मिळतील. वर्षभर पडदे आणि पँटची उंची कमी करायची कामं आली. मग विम आला, हातात एक निळी जर्सी घेऊन, आणि त्यानं विचारलं, हे जमेल का?

काम असं होतं. खेळाडूचं आडनाव एका कापडी पट्टीवर शिवायचं, जाड कापडाच्या कापलेल्या पांढऱ्या अक्षरांत, आणि ती पट्टी जर्सीच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे बसवायची. खेळाडू गेला की पट्टी उसवायची, अक्षरं सोडवून डब्यात टाकायची आणि नव्या माणसाचं नाव करायचं. विमनं शिवण उसवायचं चांगलं लाकडी मुठीचं हत्यार दिलं होतं. आईनं ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं आणि आजोबांसारखं दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं वापरलं. संघ जिंकत असता तर हे काम हंगामात दोनदा-तीनदा निघालं असतं. पण हरणारा संघ माणसं बदलतो. दर सोमवारी दुपारी प्रशिक्षकांची बैठक होई, कुणाला काढायचं ते ठरे, आणि संध्याकाळी विम सायकलवर पिशवी अडकवून आमच्याकडे येई. पिशवीत जर्स्या, वर एक कागद. डावीकडे जाणारे, उजवीकडे येणारे. त्या वर्षी आईच्या भरभराटीचं कारण संघाचं दिवाळं हे होतं, आणि बाबा ते तिला ऐकवायला विसरत नसत.

जाणाऱ्यांना मात्र मंगळवारी सकाळी सांगत. म्हणजे रात्रभर ते नाव फक्त प्रशिक्षकांना, विमला आणि आमच्या स्वयंपाकघराला माहीत. विमनं पहिल्याच दिवशी आईला बजावलं होतं की यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये, आणि आईनं मान डोलावली होती. पण तिनं स्वतःची एक अट त्यात घातली. ज्याचं नाव आहे त्याला कळल्याशिवाय ती उसवणार नाही. "माणूस तिथं हॉटेलात झोपलाय, सकाळी उठून सरावाला जायचं म्हणून. आणि मी इथं त्याचं नाव काढू? नाही जमायचं," असं ती मला म्हणाली आणि विमला सांग म्हणाली. मी विमला डचमध्ये सांगितलं ते बरंच पातळ करून, की आई हे काम मंगळवारी दुपारी करेल. विमनं खांदे उडवले. दुपारपर्यंत मिळालं तर त्याची हरकत नव्हती.

टॉलिव्हर नावाचा खेळाडू आमच्याकडे पहिल्यांदा आला तो बाह्यांसाठी. पॅडवर जर्सी ढगळ होत होती, समोरचा खेळाडू धरून ओढायचा. विम त्याला घेऊन आला तेव्हा तो दारातून वाकून आत शिरला आणि आईनं त्याला मोडक्या स्टुलावर बसवूनच मापं घेतली, कारण उभ्या माणसाच्या खांद्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. तेवीस वर्षांचा, अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या कुठल्याशा छोट्या गावचा. गॅसवर तांबडा रस्सा उकळत होता. तोंडात टाचण्या धरलेल्या आईनं माझ्याकडे पाहून हनुवटी हलवली, म्हणजे विचार त्याला. तो जेवला. विम एक घास खाऊन दोन ग्लास पाणी प्यायला आणि त्यानं सायकल काढली. टॉलिव्हरनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. हॉटेलात दुपारी गार पाव आणि चीज देतात, असं तो अगदी हळू आवाजात म्हणाला, कुणाची चहाडी केल्यासारखा.

मग तो दर सोमवारी येऊ लागला. सोमवार त्यांचा सुट्टीचा दिवस. ॲमस्टरडॅमहून हार्लेमला आगगाडीनं पंधरा-वीस मिनिटं. आईला तो 'मिस सुनंदा' म्हणे आणि बाबांना 'सर'. बाबांना जन्मात कुणी इतकं मनापासून सर म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते विरघळलेच. आई त्याच्याशी सरळ मराठीत बोलायची. "अजून घे. लाजतोस काय?" यातलं त्याला सगळं कळत असे. ज्वारीचं पीठ द हेगच्या एका सुरीनामी दुकानातून आणावं लागे. एरवी ते आई जपून वापरायची, सोमवारी तिचा हात सैल सुटायचा. मी त्याच्या प्रेमात पडले होते का, असं माझ्या लेकीनं मला विचारलं आहे. नव्हते. मला त्याचा अभिमान वाटायचा, तो आमच्याकडे जेवतो याचा. सोळाव्या वर्षी, वर्गातल्या पोरी वाढदिवसाला बोलवायला विसरतात त्या वयात, ही काही लहान गोष्ट नव्हती.

विम आम्हाला सामन्याचे पास देई. बाबांनी तो खेळ क्रिकेटच्या वाटेनं समजून घेतला होता. चार चेंडूंत दहा यार्ड, नाही झाले तर बाद, असं ते मागच्या रांगेतल्या डच मंडळींनाही समजावत. आई खेळ बघत नसे. ती पाठी बघायची. माणसांचा ढीग पडला आणि सगळे ओरडले की ही पुटपुटे, "गेली उजव्या खांद्याची शिवण." चौथ्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, टॉलिव्हर एकटा मोकळा धावत होता आणि चेंडू अगदी त्याच्या हातांत आला आणि खाली पडला. कुणी ढकललं नाही, पाऊस नव्हता. सामना गेला. परतीच्या गाडीत स्लोटरडाइक स्टेशन गेल्यावर बाबा म्हणाले, "हातातला झेल." घरी येऊन तिनं मला विचारलं, "मी बाह्या घट्ट तर नाही ना केल्या? हात वर जात नसतील त्याचे." दोन दिवस तिचं तेच पालुपद. सोमवारी तो आल्या आल्या तिनं मला विचारायला लावलं. तो इतका हसला की ठसका लागला. "नो मॅम. बाह्या उत्तम आहेत. माझेच हात," असं म्हणून त्यानं ते दोन्ही हात टेबलावर पालथे-उताणे करून दाखवले. आईनं त्यांवर भाकरीची ताटली ठेवली.

त्यानंतरचे दोन सामनेही संघ हरला. सहाव्या सामन्यानंतरच्या सोमवारी विम नेहमीपेक्षा लवकर आला, साडेचारला, आणि वर येऊन बसला नाही. पिशवीत पाच जर्स्या. तो दारातूनच म्हणाला की नवे लोक उद्या सकाळी नऊला फोटोला उभे राहणार, म्हणून या वेळी आजच उसवून नवी नावं घालायला हवीत, तो सात वाजता न्यायला येईल. उद्या सकाळी सात. आई म्हणाली, "उद्या करते." तोवर तिला इतकं डच येत होतं. विम नेहमीच्या अदबीनं म्हणाला, "नाही, मेफ्राव चौगुले. आज." आणि यादी तिच्या हातात देऊन गेला. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तो त्याचं काम करत होता.

यादीत डावीकडे चौथं नाव टॉलिव्हर होतं. मी ते आईच्या खांद्यावरून वाचलं. आईनं कागदाची घडी घातली, पाचही जर्स्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या, कपाटाला किल्ली लावली आणि रस्सा ढवळायला लागली. "तो साडेसहाला येणार," मी म्हटलं. "माहीताय. तू तोंड उघडायचं नाहीस. बाबांपाशीसुद्धा नाही." "पण आई..." "रेवती, मी काय सांगितलं?" मी मुकाट्यानं ताटं मांडली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आई भित्री वाटली. एका विमच्या सायकलपिशवीपुढे माझी आई शेपूट घालते, असं वाटलं.

वसंतातली लांबलचक उजेडाची संध्याकाळ होती. टॉलिव्हर फुलं घेऊन आला, स्टेशनवरची, आणि बाबा नेहमीसारखे पुढच्या सामन्याच्या डावपेचांवर घसरले. मग टॉलिव्हरनं बातमी सांगितली. त्याची आई एका शाळेच्या भोजनगृहात कामाला होती, कधी विमानात बसलेली नव्हती. शनिवारच्या सामन्याला तिला इकडे आणायचं त्यानं ठरवलं होतं. तिकडच्या विमान कंपनीनं रात्रीपर्यंत जागा राखून ठेवली होती. आता त्यानं तिला फोन करायचा, तिनं हो म्हणायचं आणि त्यानं पैसे भरायचे, की झालं. परत न मिळणारं तिकीट होतं, म्हणून जरा स्वस्त. बाबांना इतका आनंद झाला, जणू त्यांचीच बहीण येणार होती. "इथूनच कर फोन," ते म्हणाले, "आणि तिला म्हणावं, आमच्याकडे उतरायचं. आम्ही तिला ट्युलिपची शेतं दाखवू." त्यांनी उठून फोन वायरीसकट टेबलावर आणून ठेवला.

मी आईकडे पाहिलं. ती खाली मान घालून ताटातलं मीठ बोटानं एका बाजूला करत होती. टॉलिव्हरनं खिशातून नंबरचा कागद काढला, रिसीव्हर उचलला. आणि मी इंग्रजीत म्हटलं, "डोन्ट बुक इट."

तो थांबला. "व्हाय नॉट?" अगदी सहज विचारलं त्यानं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि त्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान वर केली आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला. बाबा एकटे विचारत होते, "काय झालं? काय म्हणतीये ही?" आई उठली, कुकर उघडला आणि टॉलिव्हरच्या ताटात भात वाढला, वर रस्सा घातला. त्यानं तो सगळा भात खाल्ला. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत.

मग त्यानं विचारलं, जर्सी इथंच आहे का? आईनं कपाट उघडून ती आणली. उसवायचं मी करू का, असं त्यानं विचारलं, आणि आईनं त्याला मशीनसमोरच्या स्टुलावर बसवून ते ब्लेडचं अर्धं पातं दिलं. त्याच्या बोटांत ते दिसतही नव्हतं. "हळू," आई म्हणत होती, "कापड नको ओढू. दोरा काप, दोरा. बोट सांभाळ." पट्टी निघाली तेव्हा त्यानं ती आईच्या हातात दिली आणि म्हणाला, तुम्हाला अक्षरं लागतील. जाताना बाबांशी हात मिळवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईला तो काही म्हणाला ते जिन्यात, मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. आई त्यानंतर मशीनवर बसली. आपली अट मोडून तिनं उरलेली चार नावं उसवली आणि झोपायच्या आधी पाचही नवी नावं पुरी केली. शेवटच्या नावात टॉलिव्हरचे दोन्ही एल गेले.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी सामान बांधून, बोलावण्याची वाट न बघता, प्रशिक्षकांच्या खोलीत गेला आणि हॉटेलच्या खोलीची चावी टेबलावर ठेवली. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही, पण त्याला आधी कळलं होतं हे उघड होतं आणि कुठून कळलं हे शोधायला फार डोकं लागत नव्हतं. मी शाळेतून आले तेव्हा विम येऊन गेला होता. टेबलावर त्याचा कॉफीचा कप आणि बशीत अर्धं बिस्कीट. मशीनवर चादर घातलेली. अक्षरांचा डबा नव्हता. आई पालक निवडत होती. "काय म्हणाला?" "म्हणाला, कोणी सांगितलं. मी म्हटलं, मी." "आणि?" "आणि काय. आता दुसरीकडे देणार काम." एवढंच. मला वाटलं ती रागावेल, मारेलसुद्धा, आणि तिनं मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं पालकाची देठं कागदात गुंडाळली आणि दिवा लावायला सांगितलं. बाबा दोन दिवस तिची समजूत घालत होते, गरज होती का आपल्याला त्या कामाची, म्हणत. समजूत घालायची बाबांची पद्धत अशीच होती.

संघ उरलेल्यांपैकी एक सामना जिंकला आणि तळाला राहिला. पास बंद झाले होते, आम्ही वर्तमानपत्रात वाचलं. विम रस्त्यात भेटला की सायकलवरून मान लववायचा, आईही लववायची. काही वर्षांनी आई एका बेकरीच्या काउंटरवर लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. मशीन मात्र तिनं पुन्हा फारसं उघडलं नाही, घरचं काही फाटलं तर तेवढंच. टॉलिव्हरचं पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. त्याची आई तरी त्या रिकाम्या सामन्याला येऊन बसली नाही, हे समाधान मी स्वतःला पुष्कळ वर्षं पुरवलं.

कारण ही गोष्ट मी सांगत आले. कॉलेजात सांगितली, नोकरीच्या मुलाखतीत एकदा सांगितली, नवऱ्याला लग्नाआधी सांगितली. दरवेळी ती जरा गुळगुळीत होत गेली. माझ्या तोंडचं ते वाक्य नेमक्या जागी येऊ लागलं, आणि त्यात आई नेहमीच ताटातल्या मिठाशी खेळत खाली बघत असे. वाईट नाही, गरीब बिचारी, घाबरलेली. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते, द हेगला. गेल्या हिवाळ्यात लेक डेल्फ्टहून एका मैत्रिणीला घेऊन जेवायला आली होती आणि तिनंच डचमध्ये फर्मावलं, आई, ती फुटबॉलची सांग. मी सांगितली. मैत्रीण म्हणाली, किती धीट होता तुम्ही. मी हसून घेतलं.

आई शेजारी बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. तिला आता डच माझ्याइतकंच कळतं. मुली कॉफी करायला उठल्या तेव्हा ती मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगणारच होते."

"कधी?"

"भात वाढायला उठले की. रिकाम्या पोटी नको, एवढंच ठरवलं होतं. तू मधे बोललीस."

मला पटलं नाही. इतक्या वर्षांनी माणूस स्वतःला सोयीचं आठवतो, हे मला माझ्यावरूनच माहीत आहे. मी म्हटलं, "अगं, पण तू सांगितलं असतंस तरी काम गेलंच असतं ना. काय फरक पडला?"

आईनं हातातली शेंग ठेवली.

"या देशात येऊन मला सात वर्षं झाली होती, रेवती. घर बाबांच्या नोकरीचं, पासपोर्टावरचं नाव बाबांच्या मागचं, भाषा तुझ्या तोंडातली. ते काम तेवढं माझं होतं. ते घालवायचं तर मला घालवू द्यायचं होतंस."